दोन थेंब दूध

"पोरगी बोलत न्हाई, पन पळत्या उजेडाचा पिक्चर काढते म्हनं," मागच्या सतरंजीवरच्या मावशी शेजारणीला सांगत होत्या.

ही बातमी आत्याने पसरवली होती. मी पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत शिकते, तिथे उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्याला मला अजून हातही लावू देत नाहीत, हे तिने गाळलं होतं. रविवारी दुपारी, भाजे गावातल्या बुद्धविहारात, सगळ्यांसमोर मी उभी होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. लोकलमध्ये पाठ केलेली मराठी वाक्यं मळवली स्टेशनवरच राहिली होती.

बाजूने जाणारा उजेड दिसत नाही. पाण्यात दोन थेंब दूध टाकलं, की त्यावर आपटून थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो आणि लेझरची रेघ दिसते. हेच दाखवायला मी आत्याकडे दोन थेंब दूध मागितलं होतं. आत्या घरोघर दुधाचा रतीब घालते. मी अंधारासाठी खिडक्या लावेपर्यंत तिने माझ्या काचेच्या बाटलीतलं पाणी ओतून म्हशीचं दूध काठोकाठ भरलं.

"पाण्याचं दूध मांडू व्हय लोकांपुढं?"

लेझर लावला. काचेवर हिरवा डाग पडला, पुढे काही नाही. पोरं खिदळली.

अंधारातच मी दूध पातेल्यात काढलं, बाटलीत पाणी भरलं, दोन थेंब टाकले. आता लख्ख रेघ उमटली.

"कॅमेऱ्यात ह्योच पळताना दिसतो?" पुढच्या आबांनी विचारलं.

"नाही. लाखो वेगवेगळे झोत... त्यांचे तुकडे जोडतात. कॅमेऱ्यात गेलेला उजेडाचा कण तिथेच संपतो."

"म्हंजे सरळ गेला त्यो दिसत न्हाई, धडपडला त्यो दिसतो, आन् दिसला की खपला!"

आमच्या सरांना हे सांगायला दोन तास लागतात.

खिडक्या उघडल्या. मघाच्या मावशींनी बाटली उजेडात धरली. आत निळसर, पातळ पाणी.

"वैनी, हेच दूध घालता व्हय आमाला? तरीच चहाला रंग न्हाई!"

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. समोर बसलेली निम्मी माणसं आत्याची गिऱ्हाइकं. आत्याने पदर तोंडाला लावला. आता बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"मावशी, ते माझं पाणी आहे! आत्याचं दूध त्या पातेल्यात आहे, आणि त्यातून लेझरसुद्धा जात नाही!"