सासरे समोरच्या दुकानात बसले

आर्वीच्या बाजारओळीत हर्षाच्या कापडाच्या दुकानाला आज चांगलं नाव आहे. रोहण्याहून, विरुळहून बाया एसटीनं येतात आणि डेपोतून निघाल्या की सरळ तिच्याकडे वळतात. पण दुकान इथवर आणताना तिचं डोकं गिऱ्हाइकांनी पिकवलं नाही, व्यापाऱ्यांनी नाही, मोबाइलवर कपडे विकणाऱ्यांनीही नाही. पिकवलं ते तिच्या सासऱ्यांनी.

हर्षा माहेरची हिंगणघाटची. लग्न होऊन आर्वीला आली तेव्हा दुकान सासऱ्यांचं, बंडूजींचं होतं. धोतरं, लुगडी, शर्टाचं कापड, शाळेचे गणवेश. नवरा प्रफुल कारंज्याच्या शाळेत मास्तर. त्याला कापडाचा कंटाळा. एके दिवशी वरच्या फळीवरचं कापडाचं थान काढताना बंडूजी शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. "मी बसते थोडे दिवस," असं म्हणून हर्षा दुकानात गेली आणि मग तिथंच रमली.

तिनं धोतरं मागे सरकवली. कुर्त्या, लेगिन्स, गाऊन, रोजच्या वापरातल्या साड्या आणल्या. दारात दोन पुतळे उभे केले, आत आरसा लावून ट्रायल रूम केली. मदतीला रुचिका नावाची चुणचुणीत मुलगी ठेवली. 'एकच भाव' अशी पाटी लावली आणि ती खरोखर पाळली. बायांना ते आवडलं. घासाघीस करत तास घालवण्यापेक्षा बाई मनासारखा कपडा घेऊन पुढची बस पकडू लागली.

मग बंडूजींचं हाड जुळलं.

काठी टेकत ते दुकानात आले, आपली जुनी लाकडी खुर्ची त्यांनी दारातल्या पंख्याखाली ओढून घेतली, आणि तिथून त्यांचं सुरू झालं. एक बाई आरशासमोर मरून रंगाची साडी खांद्यावर टाकून उभी होती. हर्षानं पदर नीट करून दिला होता, बाईचा चेहरा खुलला होता. तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"बाई, हा रंग तुमाले नाई जमत. मांगच्या दिवाळीले असाच नेलता तुम्ही. एकदा तरी नेसला का?"

बाईनं साडी उतरवली आणि "पुन्हा येते" म्हणून निघून गेली.

हे रोजचं झालं. कोणाला सांगत, कापड पातळ आहे. कोणाला सांगत, सून नवीन आहे, थोडं कमी करायला लावतो. वर 'एकच भाव'ची पाटी आणि खाली हा माणूस! हर्षा दात-ओठ खाऊन घड्या घालत राही. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला गाठलं.

"तुमच्या बाबाले काही सांगता का?"

"मी सांगतलं तर त्यायले राग येईन," प्रफुल म्हणाला. "तू सांग."

"अन् मी सांगतलं तर नाई येणार?"

"येईन. पण तुह्यावर येईन नं."

एवढं बोलून त्यानं पेपर तपासायला घेतले.

लग्नसराईत रोहण्याचा चंद्रभान मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला. बरोबर बायको शकुबाई, भावजया, नवरीची मावशी. लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून, म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीनं तो दिवस सोन्याचा. हर्षा आणि रुचिकानं सकाळपासून साड्या उलगडल्या. नवरीचा शालू ठरला, हळदीची साडी ठरली, मग मानाच्या साड्यांचा ढीग चढू लागला. आत्याला ही, मामीला ती, व्याहणीला जरा काठाची. शकुबाई रंगात आली होती. दुपारपर्यंत हर्षाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण तिला भुकेची आठवणही नव्हती.

बंडूजी खुर्चीवरून ढिगातल्या साड्या मोजत होते. मग त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"काय रे चंद्रभान, मानाच्या साड्या इतक्या कायले घेऊन राह्यला? कोणी नेसत नाई त्या. ह्या घरची त्या घरी देतात, अन् फिरत फिरत तुह्याच घरी येते."

चंद्रभान जणू कोणीतरी हे बोलायचीच वाट बघत होता. "हेच तं मी घरून सांगून राह्यलो, बंडूजी! पण माह्यं कोण आयकते?"

शकुबाईचं तोंड उतरलं. "म्हणजे माह्या माहेरच्यायले उघडं पाठवता का?" असं म्हणून ती नवऱ्यावर उसळली. भावजया एकमेकींकडे बघू लागल्या. ढिगातली एक साडी कमी झाली, मग दुसरी, मग भांडण जुन्या रुसव्यांपाशी पोचलं, आणि शेवटी चंद्रभान म्हणाला, "घरी इचार करून येतो, ताई." सगळे निघून गेले. गादीवर उलगडलेल्या साड्यांचा डोंगर आणि मध्ये हर्षा.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दुकान चालवून राह्यले का बंद करून राह्यले?"

"मी खरं सांगतलं."

"खरं घरी सांगत जा! उद्यापासून दुकानात येऊ नका."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, रुचिका होती. सगळ्यांनी ऐकलं. बंडूजी उठले, टोपी नीट केली आणि जेवणाचा डबा तिथंच ठेवून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात इतकी शांतता होती की हर्षाला पंख्याचा आवाज ऐकू आला. तिनं सुखानं चहा मागवला, पहिला घोट घेतला आणि सहज समोर बघितलं. रस्त्यापलीकडे प्रेमदासचं कापडाचं दुकान. तिथं, दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांमध्ये धरून बंडूजी बसले होते.

हर्षानं कप खाली ठेवला. दिवसभर जो येई तो विचारी, "काऊन, बाबाजी तिकडं?" तिनं प्रफुलला फोन केला. तो म्हणाला, "बसू दे नं. डोळ्यासमोर तं आहेत."

तिची एक समजूत होती की आता तरी विक्री वाढेल. वाढली नाही. उलट वेगळाच त्रास सुरू झाला. बायांबरोबर आलेले पुरुष पूर्वी दारातच बंडूजींपाशी अडकत. कापसाला काय भाव लागला, सोयाबीनवर कोणता रोग पडला, कोणाचा पोरगा पुण्याला लागला, यात त्यांचा वेळ जाई. आता ते थेट आत येऊ लागले. बायकोच्या पाठीशी उभं राहून किमतीची चिठ्ठी उलटून बघत. "झालं का? चाल नं! घरी आहेत नं तशा साड्या!" एकजण तर गाडीवर बसून हॉर्न वाजवत राहिला. बाया अर्धवट निवड टाकून निघून जात. हर्षानं एकाला पाणी दिलं, एकाला पेपर दिला, एकाला स्टूल दिलं. तो स्टूल घेऊन ट्रायल रूमसमोरच बसला. तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

अशातच एका सकाळी प्रेमदास रस्ता ओलांडून आला आणि हात जोडून उभा राहिला.

"भाभी, तुमच्या बाबाजीले घेऊन जा."

"काऊन? काय झालं?"

"माह्या गिऱ्हाइकाले सांगतात, हे कापड पहिल्या धुण्यात आखडते. काल एक बाई गाऊन पाहून राह्यली होती. तं म्हणतात, समोर आमच्या सुनेकडे जा, तिच्याकडची शिलाई पक्की आहे. माह्या खुर्चीवर बसून, माह्याच चहा पिऊन!"

"मंग उठवा नं त्यायले."

"कसा उठवू? माह्या बापाचे दोस्त आहेत ते."

हर्षाला हसू आलं आणि त्याच वेळी संतापानं डोळ्यांत पाणीही. इतकी वर्षं एका छताखाली राहून या माणसानं तिच्या मालाला कधी बरं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते दुसऱ्याच्या दुकानात बसून! तिनं गल्ला रुचिकाकडे सोपवला आणि ती रस्ता ओलांडून गेली.

"बाबा, चला."

"मी इथं बरा आहो. इथं मले कोणी बोलत नाई."

प्रेमदास छताकडे बघू लागला.

"येऊ नको म्हणलं होतं तू," बंडूजी म्हणाले. "लोकायसमोर."

"हो, म्हणलं. तसं बोलाले नव्हतं पाहिजे. आता लोकायसमोरच चला म्हणते. पण आत नाई, बाहेर. दारापुढच्या टिनाच्या पत्र्याखाली बाक टाकून देते. बायायसंगं आलेले माणसं तुमचे. त्यायले आत येऊ द्यायचं नाई. बाया माह्या. त्यायच्याशी रंगाचं, कापडाचं, भावाचं एक अक्षर बोलायचं नाई."

बंडूजींनी विचार केला. "चहा?"

"भेटीन."

"त्यायलेबी?"

"बाबा, उठा!"

ते उठले. प्रेमदासनं काठी हातात दिली आणि तो त्यांना पार रस्त्याच्या मधोमधपर्यंत पोचवून आला.

बाक लागला आणि दुकानात फरक पडला. चंद्रभान पुन्हा आला तेव्हा बंडूजींनी त्याला बाहेरच हाताला धरून बसवलं. आत शकुबाईनं भावजयांसोबत शांतपणे साड्या निवडल्या. पहिल्या ढिगाइतक्या नाही, पण चंद्रभाननं घेतल्या असत्या त्याहून बऱ्याच जास्त. तोवर तो बाहेर जावयाच्या नोकरीविषयी सांगत होता आणि बस्ता बांधून झाला तरी त्याची गोष्ट संपली नव्हती. बंडूजींनी कापडाविषयी चकार शब्द काढला नाही. फक्त शकुबाई गठ्ठा घेऊन बाहेर पडली तेव्हा त्यांनी बोटांनी वरच्या साडीचा काठ चाचपला आणि हर्षाकडे बघून घाईघाईनं हात मागे घेतला.

पण हर्षाच्या नशिबी सुख कुठलं! आता बाकावर बायकांशिवायच माणसं येऊन बसतात. बाजार समितीतून सुटलेले, बसची वाट बघणारे, दोन रिटायर्ड तलाठी. चहावाला विचारल्याशिवाय ट्रे भरून आणतो. दारात एवढ्या चपला आणि एवढे गुडघे की बायांना आत शिरायला वाट राहत नाही.

"बाबा, हे कोण लोक आहेत? यायले काही घ्यायचं आहे का?" तिनं परवा विचारलं.

"आज नाई घेत," बंडूजी म्हणाले. "पण त्यायच्या घरी बाया आहेत नं."

हर्षानं सुताराला बोलावून आणलं आणि बाक दारापासून सरकवून पुतळ्यांच्या पलीकडे ठोकायला सांगितला. सुतार हातोडी बाजूला ठेवून, चहाचा कप घेऊन बाकावर बसला. बंडूजी त्याला विचारत होते, "तुह्यं गाव कोणतं रे?"