परत आलेली खीर

मोहफुलं हरभऱ्यासारखी भिजत घालायची नसतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही अख्ख्या महिला मंडळासमोर.

बाजारातून आणलेली सुकी मोहफुलं मी मोठ्या बादलीत पाणी ओतून भिजवली, वर घट्ट झाकण लावलं, झाकणावर वजनाला पाटा ठेवला आणि पेपर तपासायला तुमसरला निघून गेलो. एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकोडीला परतलो, तर घरात वंदनेची तालीम सुरू होती. बायको विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. बुद्ध पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणून पंधरा-वीस बाया आमच्या ओसरीत बसल्या होत्या. पंचशील म्हणता म्हणता त्या पाचव्या शीलापर्यंत, म्हणजे दारूला न शिवण्याच्या शीलापर्यंत आल्या, आणि नेमका तेव्हाच मी पाटा उचलला.

झाकण आपणहून वर आलं. त्यामागून वास आला. तो ओसरीत पोचायला वेळ लागला नाही.

सर्वांत पुढे मोठी काकी बसली होती. ऐंशीच्या पुढची, नात्यानं कोणाचीच नाही आणि धाकानं साऱ्या वस्तीची काकी. नाकाला पदर लावून ती म्हणाली, "मास्तर, शाळा सोडून भट्टी लावली काय गा?"

बायको काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा मी घाबरत नाही.

माझा हेतू शुद्ध होता, एवढंच सांगतो. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्या बदल्यांच्या धांदलीत मी गावी येण्याचा अर्ज केला. मंजूर झालेला माझा तो एकमेव अर्ज. गावी आल्यापासून मला एक खीर आठवत होती. पाकिस्तानशी लढाई झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. साखर रेशनवर होती, आणि रेशनच्या दुकानात बहुतेक दिवस फक्त दुकानदार मिळायचा. नाही म्हणायला तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकर खाताना आम्ही भावंडं दात सांभाळत असू. अशा साली मायनं तांदळाची कणी आणि मोहफुलाचा रस घालून पितळी गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, खीर रांधली होती. ती आम्ही दोन दिवस खाल्ली. पुढे लग्नातल्या बासुंद्या खाल्ल्या, नागपूरच्या मिठाया खाल्ल्या, डॉक्टरनं साखर झाल्याचं सांगितल्यावर चोरून खाल्ल्या. त्या खिरीची सर कशालाच आली नाही.

मायला विचारलं की ती म्हणायची, "मले आठवत नाई." बांधावरून झालेलं पन्नास वर्षांपूर्वीचं भांडण शब्दन्‌शब्द आठवणाऱ्या बाईला खीर तेवढी आठवत नव्हती. म्हणून मीच बादली घेऊन संशोधनाला लागलो होतो.

बाया गेल्यावर मायनं मला बादली उकिरड्यावर पालथी करायला लावली. मी नाक दाबून उभा असताना तिनं विचारलं, "इतकं काहून पडलं तुले त्या खिरीचं?"

"माय, तेवढं गोड मी जन्मात खाल्लं नाही."

"दोन दिवस खाल्ली तुमी. इतकी काहून उरली, इचारलं कधी?"

विचारलं नव्हतं. सहा वर्षांचं पोर खिरीला जाब विचारत नाही.

मग तिनंच सांगितलं. ती खीर घरची नव्हतीच. विहारासाठी होती. विहार म्हणजे तेव्हा कडुनिंबाखालचा मातीचा ओटा. दीक्षा घेऊन दहा वर्षंही झाली नव्हती, वस्तीनं दारू नुकतीच सोडली होती, मोहाची सावलीही नको होती. मायनं गंज डोक्यावरून ओट्यापाशी नेला. मोहफूल घातलंय कळताच मोठ्या काकीनं तो सगळ्यांदेखत, झाकणसुद्धा न काढता परत पाठवला. माय तशीच घरी आली, आम्हाला वाढत राहिली, आणि त्यानंतर पौर्णिमेला तिनं काही रांधून नेलं नाही.

म्हणजे मायचा अपमान मी दोन दिवस बोटं चाटून खाल्ला होता आणि सत्तेचाळीस वर्षं त्याची तारीफ करत होतो.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "यंदाची खीर आपल्या घरून जाईन. मोहफुलाचीच. आई करतीन."

"अन वापस आली तं?" मायनं विचारलं.

"तं मी बी तिच्यासंगं वापस येईन. मंडळ दुसरी अध्यक्ष पाहून घेईन."

मग मायला सगळं आठवलं. भिजवायची राहिलेली मोहफुलं तिनं सुपात घेतली आणि एकेका फुलाच्या पोटातलं केसर काढायला मला बसवलं. "ते राह्यलं का घसा खवखवते." फुलं धुवायची, लगेच उकळायची, गाळायची, रस काकवीसारखा दाट होईस्तोवर आटवायचा. भाजलेली कणी दुधात शिजवायची. पहिल्या खेपेला मी उत्साहानं उकळत्या दुधातच रस ओतला. दूध फाटलं.

"तुले मास्तर कोनं केलं गा?" माय म्हणाली. "गंज खाली उतरव. निवू दे. मंग रस."

वंदनेच्या पुढल्या तालमीला बायकोनं मंडळाला स्पष्ट सांगितलं, "शिजवलेलं हाय, सडवलेलं नाई. साखरेच्या जागी हाय." बायांनी मोठ्या काकीकडे पाहिलं. मोठ्या काकीनं छताकडे पाहिलं.

पौर्णिमेला गंज उचलायला मी पुढे झालो, पण माझा लौकिक पाहता कोणी हात लावू दिला नाही. माय आणि बायकोनं दोन बाजूंनी धरून तो विहारात नेला. वंदना झाली. बायकोनं झाकण काढलं. तपकिरी, चकचकीत खीर. कोणी हलेना. माय भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती.

मोठी काकी काठी टेकत उठली, वाटी पुढे केली. एक घोट घेतला. थांबली. मग वाटी तोंडाला लावली ती खाली रिकामी झाल्यावरच आणली.

"त्या साली मी चाखलीच नोती व," ती मायला म्हणाली. "न चाखताच वापस धाडली."

मायनं आता कुठं मान वर केली. बायकोच्या हातातला डाव घेतला आणि काकीची वाटी काठोकाठ भरली. "मंग आता दोन सालाची एकदम खा."

सगळ्यांआधी काकीच हसली. मग रांग लागली. पहिल्या तालमीला नाक दाबून बसलेल्या बाया दोनदा आल्या, त्यांचे नवरे तीनदा. रांगेच्या शेवटी मी होतो, कारण मास्तरनं शिस्त पाळावी लागते. माझी पाळी आली तेव्हा डाव तळाला घासल्याचा आवाज आला. तो डावच मी चाटला.

गंज यंदाही परत आला. रिकामा. मायनं तो एकटीनं, डोक्यावर पालथा घालून, वस्तीच्या मधल्या रस्त्यानं आणला. मागल्या गल्लीनं घर जवळ पडतं, तरी.

अंगणात आल्यावर मी बायकोला म्हटलं, "पाहिलं? ही सगळी कल्पना कोणाची?"

"तुमचीच," ती म्हणाली. "आता ते बादली धुवा. तीन आठवड्यापासून अजून वास मारून राह्यली."