कोणाचं पान वाचू?

लटारूभाऊ आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. कागदावर एवढंच. पण दिवाळी ते होळी वडशाला जाऊन कुठल्याही नाटक मंडळात विचारा, त्यांच्यासारखा प्रॉम्प्टर दुसरा नाही. झाडीपट्टीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, नट सीझनभर गावोगाव पळत असतात, तालमीला वेळ कुणाला? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते छाती फुगवून गरजतो. ऑर्गन-तबल्याच्या गोंगाटातही नटाला ऐकू जावी म्हणून लटारूभाऊंची कुजबुज अशी तयार झाली आहे की ती शेवटच्या रांगेतही पोचते. प्रेक्षकांना त्याचं काही वाटत नाही.

एकदा एका खलनायकानं टाळ्यांच्या लोभापायी पदरचे संवाद घुसडायला सुरुवात केली. लटारूभाऊंनी सरळ वही मिटली आणि सुपारी कातरायला घेतली. नायक पिस्तूल रोखून ताटकळला, खलनायकाला काही मरता येईना. मालक विंगेत धावत आला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "लेखकानं लिवलं थे मी देतो. बाकीचं त्याच्या घरचं हाय."

हा किस्सा मी वर्गात हसत हसत सांगायचो. स्वतःच्या अंगाला मात्र लावून घेतला नव्हता.

दिव्यानी माझी संशोधक विद्यार्थिनी, मासेमारी करणाऱ्या घरची. दोन वर्षं ती डोंग्यात बसून आमच्या तलावातले मासे मोजत होती. वरच्या अंगाला एकोणीस जातींचे मासे, आणि कारखान्याचं पाणी जिथे मिसळतं तिथे फक्त सात. काम चोख होतं. पण प्रयोगशाळेतलं पाणी तपासायचं नवं मशीन त्याच कारखान्यानं दिलेलं, आणि निष्कर्ष आधी त्यांना दाखवायचे या अटीवर मी न वाचताच सही ठोकलेली. विद्वान माणूस ना मी!

अहवाल गावासमोर मांडायचा दिवस आला. सकाळीच कारखान्याचे साहेब पेढे घेऊन आले, सोबत टाइप केलेलं एक पान. "शेवटी एवढंच वाचा, सर. 'माशांच्या घटीचं कारण सांगता येत नाही, आणखी अभ्यास हवा.' दिव्यानी मॅडमचं निष्कर्षाचं पान सध्या कपाटात राहू द्या. मशीनचं पुढे बघायचंय ना आपल्याला?"

मशीनवर आणखी चार पोरांचं काम अडलं होतं. मी मनाशी म्हटलं, कपाटातच तर ठेवायचंय, फाडायचं थोडंच आहे. मी ते पान घेतलं. पेढाही खाल्ला.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या डोळ्यानं अक्षर दिसेना. म्हणून वाचून द्यायला लटारूभाऊंना मंचाच्या पडद्याआड बसवलं. "शेवटी दिव्यानीच्या ऐवजी हे पान," मी सांगितलं. ते "बरं सर" म्हणाले, पण दोन्ही पानं वहीत ठेवून घेतली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी दिव्यानी. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मागे मच्छीमार सोसायटीची माणसं, त्यात तिची आई रंभाबाई. लटारूभाऊ वाक्य देत होते, मी बोलत होतो. माशांची नावं आली तशी मागून "हाव, हाव" असा होकार येऊ लागला. मला रंग चढला. मी हात उंचावून म्हणालो, "तर मंडळी, निष्कर्ष असा..."

पुढचं वाक्य येईना. मी खोकलो. आणि पडद्याआडून ती जगप्रसिद्ध कुजबुज आली, माझ्या माइकमधून साऱ्या सभागृहात घुमली:

"सर, कोनाचं पान वाचू? दिव्यानीचं का कारखान्याच्या सायबाचं?"

मागची माणसं खो खो हसायला लागली. साहेब उरलेल्या पेढ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले. दिव्यानी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला इतकी लाज वाटली की एका डोळ्यावरची पट्टी दोन्हीवर असती तर बरं झालं असतं.

"दिव्यानीचं," मी माइकमध्येच म्हणालो.

साहेब उठले. "सर, मग मशीन..."

"घेऊन जा. पोरांचं काम नागपूरहून करून आणू. मशीनच्या अटीवर सही करताना मी वाचलं नव्हतं, आता ऐकलं."

ते निघून गेले. मी दिव्यानीला वर बोलावलं आणि माइक तिच्या हातात दिला. तिचा आवाज आधी कापला, मग एकोणीस आणि सात हे दोन आकडे तिनं असे स्पष्ट उच्चारले की रंभाबाई जागेवरच उभ्या राहिल्या.

मी पडद्याआड गेलो. लटारूभाऊ वही मिटून आरामात सुपारी कातरत होते.

"लटारूभाऊ, वही काऊन मिटली? ती अडली तर?"

त्यांनी अर्धी सुपारी माझ्या हातावर ठेवली.

"जिनं लिवलं थेच बोलून राह्यली ना, सर. तिले कोन वाक्य देते?"