दोन किलो दाणे

डॉक्टरांचा धागा माझ्यामुळे तुटला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ते लंडनमध्ये हॅरोला राहायचे. निवृत्त सर्जन. टाक्यांसाठी केसाहून बारीक, शरीरात विरघळून जाणारा धागा त्यांना करायचा होता. मी रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवारी त्यांची पत्रं टाइप करायचो आणि आठवड्यात ऑफिसातून त्यांच्यासाठी फोन करायचो. धागा ओढून देणारा कारखाना आम्ही वर्षभर शोधला. मोठे कारखाने टनाखाली बोलत नव्हते, छोटे बंद पडत होते. एका ठिकाणी फोन लागला तर यंत्रांचा लिलाव चालू होता. शेवटी लँकेशरमधला एक म्हातारा कारखानदार तयार झाला. ख्रिसमसनंतर तोही मशीन विकणार होता.

एका प्रयोगशाळेकडून डॉक्टरांनी पॉलिमरचे दोन किलो दाणे करून घेतले होते. तेवढेच. गाडी मी चालवणार, म्हणून सीलबंद चंदेरी पिशवी माझ्याकडे ठेवली. "उघडू नकोस, हवेतली ओल लागता कामा नये," त्यांनी बजावलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दसरा होता. माझ्या वडिलांचं वर्कशॉप होतं. पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी नवं काम हाती घेतलं नाही. मी पिशवी देवापुढे ठेवली.

"अहो, पूजा मालाची करतात, पार्सलाची नाही," बायको हसली.

मी कोपरा कापला, मूठभर दाणे वाटीत काढले, हळदकुंकू वाहिलं. बाहेर दिवसभर पाऊस होता, पिशवी तशीच उघडी होती. संध्याकाळी वरचे दाणे पुसून परत टाकले आणि कोपरा इस्त्रीने चिकटवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात म्हाताऱ्याने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "पिशवी उघडली होती का? उघडली असेल तर रात्रभर सुकवतो. उद्या चालवू. मला काही घाई नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या गोऱ्या माणसासमोर हळदकुंकू कसं सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाही," मी म्हणालो.

"तो नाही म्हणतो म्हणजे नाही," डॉक्टर म्हणाले.

मशीन सुरू झालं. बारीक भोकांतून धागा आला, वीतभर लांबला आणि तुटला. मग नुसतं ठिबकायला लागलं. म्हाताऱ्याने तापमान दोनदा बदललं. दुपारी त्याने मशीन बंद केलं. "सॉरी, डॉक्टर. तुमचं पॉलिमरच कच्चं आहे."

परतताना आम्ही मोटरवेला लागलो. मग डॉक्टर म्हणाले, "माझंच केमिस्ट्रीचं गणित चुकलं रे. तुला उगाच वर्षभर दमवलं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

त्यांनी पुन्हा दाणे करून घेतले नाहीत. फाइल बंद करून माळ्यावर टाकली. तो कारखानाही ठरल्याप्रमाणे गेला.

दसऱ्याला अजून त्यांचा फोन येतो. "पूजा झाली का रे?"

त्या वर्षानंतर मी पूजा केलेली नाही. "झाली, डॉक्टर," मी म्हणतो.