चाळीस मेंढ्यांची एकच चाल

ज्या वर्षाला पेपरवाले 'कार्टूनचं वर्ष' म्हणत होते, त्या वर्षी मी पुण्यात एका स्टुडिओत मेंढ्या चालवत होते. हे गावात सांगितलं असतं तर लोक हसले असते, कारण आमच्या घरात मेंढ्या चालवायला पुण्याला जावं लागत नाही. कळंबपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव, घरची साठ-सत्तर मेंढरं, आणि ती रोज रानात नेणारे आबा, म्हणजे माझे वडील. पुण्यात मी नेमकं काय करते हे त्यांना कधी नीट कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर "पोरगी कंपुटरवर हाय" म्हणायचे. समोरचा विचारायचा, "कोनच्या बँकेत?" त्यावर आबा काठी उचलून चालू पडायचे.

आमच्या धंद्यातलं ते वर्ष शाळेसारखं जूनला सुरू झालं आणि पुढच्या जूनला संपलं. त्याआधी कार्टून म्हणजे शाळा सुटल्यावर पोरांनी बघायची गोष्ट. त्या पावसाळ्यात देवाचा एक चित्रांतला सिनेमा आला आणि जिथं तिथं चालला. कळंबच्या टॉकीजला टेम्पो भरून बाया आल्या, दारात चपला काढून आत गेल्या, पडद्याला हात जोडले. टीव्हीवर दिवसभर चित्रंच बडबडायची, तीही मराठीत. त्यातल्या एका मालिकेत मी दीड वर्ष नुसती तोंडं हलवली होती. माणूस बोलला की त्याचं तोंड त्या शब्दाला जुळवायचं, एवढंच काम. आबांना एकदा दाखवलं तर म्हणाले, "आन् ह्येचा पगार देतेत?"

पाच वर्षं आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. आता रविवारच्या पुरवण्यांत आमच्यावर लेख यायला लागले, आणि घरमालकीण आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायला लागली. स्टुडिओच्या मालकांना वाटलं, तवा तापलाय तोवर आपलीही पोळी भाजून घ्यावी. पावा वाजवणाऱ्या एका मेंढपाळाचा सिनेमा त्यांच्याकडं तीन वर्षं अर्धवट पडून होता. तो झटकून बाहेर काढला आणि उन्हाळ्याच्या आत पुरा करा म्हणाले.

कळपाचं काम माझ्याकडं आलं. आमचं काम तपासणारे सर म्हणाले, "तुझ्या घरी मेंढ्या आहेत ना? मग तूच कर." आमच्याकडं कळप असा होतो. एक मेंढी नीट चालवायची. चारही पाय एकदा फिरून जागेवर यायला सोळा चित्रं लागतात. ती झाली की तीच पुन्हा पुन्हा फिरवायची, मेंढी जन्मभर चालत राहते. मग तिच्या प्रती करायच्या. एक पुढं, एक मागं, एक जरा थोराड, एकीचा रंग फिका. झाला चाळीस मेंढ्यांचा कळप. पाच सेकंदांसाठी चाळीस निरनिराळ्या मेंढ्या कोण काढत बसणार!

नमुन्याला मात्र खरी मेंढी लागते. दिवाळीला दोन दिवस घरी आले तेव्हा मोबाईलवर एका मेंढीचं चालणं टिपून घेतलं. पुण्याला जाऊन ते थांबवत थांबवत बघितलं आणि त्यावरून सोळा चित्रं काढली. सरांना चाल फार आवडली. "जिवंत वाटते," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी त्या चालीवर जाम खूश होते.

माझी धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात बारावी झाली. तिला मी शिकले तेच शिकायला पुण्याला यायचं होतं. जुन्या वह्यांच्या कोपऱ्यांत ती शेळीची उडी काढायची. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की शेळी बांधावरून पलीकडं जायची. हात तिचा माझ्यापेक्षा बरा, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. अडचण अशी की भूमकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, माणसं बरी, आणि आईला ते सोडवत नव्हतं. "एकीला धाडली, ती पाहुणीवानी येती. आता दुसरीलाबी धाडू व्हय?" असं आईचं दिवसातून चार वेळा चालायचं.

आबा दोघींच्या मधे. ते उठलं की ठरवलं, असे नाहीत. पाहुण्यांना रविवारी उत्तर द्यायचं होतं, आणि आमचा सिनेमा कळंबला शुक्रवारी लागला. चारच दिवस, दुपारचा एकच खेळ. कार्टूनची हवा होती म्हणून टॉकीजवाल्यानं घेतला, एरवी कोण घेतंय. आबा म्हणाले, "मोठी काय करती ते म्या डोळ्यानं बघतो. मंग धाकटीचं सांगतो."

धाकटीचा लगेच फोन आला. "आक्का, तू ये. माझं समदं तुझ्या सिनेमावर हाय आता." मी रजा टाकली आणि आले.

शनिवारी आम्ही तिघं एसटीनं कळंबला गेलो. आई आली नाही. "मेंढरं काय टॉकीजात बघायची?" म्हणाली, आणि त्या दिवशी कळप घेऊन तीच रानात गेली. आबांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, वर नवा पटका. टॉकीजच्या दारात त्यांनी पायतानं काढून भिंतीला लावली. दारावरचा माणूस हसला. "आबा, घाला पायतानं. ह्या सिनेमात देव न्हाय."

"मंग काय हाय?"

"मेंढरं हायेत."

"मंग तर ऱ्हाऊच दे," आबा म्हणाले, आणि अनवाणी आत गेले.

आत फार गर्दी नव्हती, निम्मी शाळेची पोरं. आबा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. पहिल्यांदा कळप आला तेव्हा आबा पुढं सरकून बसले. पाच सेकंद, आणि गेला. दुसऱ्यांदा आला तो मोठा प्रसंग होता. दिवस मावळायला आलेला, उघडा माळ, मागं पावा वाजवत मेंढपाळ, आणि पुढं माझ्या चाळीस मेंढ्या सरळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आबा ताडकन उभे राहिले.

"आरं, त्या गड्याला कुनीतरी सांगा रं!" एवढ्या मोठ्यानं की पावा ऐकू येईना. "समद्या कळपाला खुरकूत झालंय, आन् ह्यो मुडदा पावा काय वाजवायलाय?"

पोरं खदाखदा हसली. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "व्हय की वो. एकजात समदी लंगडायलीत."

मी पडद्याकडं बघितलं. चार महिने ती चाल मी रोज बघत होते, आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मागचा डावा पाय टेकवताना मेंढी अंग चोरत होती. किंचित, तिळाएवढं. एकाच मेंढीत ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण इथं चाळीस मेंढ्या एकाच वेळी, एकाच पायावर अंग चोरत होत्या. सरांना जे जिवंत वाटलं होतं ते हेच असणार. धाकटीनं आबांचं धोतर ओढून त्यांना खाली बसवलं.

मध्यंतरात आबा बाहेर गेले, तशी धाकटी माझ्यावर तुटून पडली. "आक्का, ती बांडी हाय! आपली बांडी! साठ मेंढरं सोडून तुला लंगडीच घावली?"

"मला कळलं न्हाय गं."

"धनगराच्या घरात जन्मलीस आन् कळलं न्हाय म्हनतीस! झालं. आता उद्या पाहुन्यांना व्हय म्हनतेत आबा. तुझ्यापायी माझं वाटोळं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. मला माझाच राग आला. सरांचा आला, मालकांचा आला, त्या मागच्या म्हाताऱ्याचा तर फारच आला. गप्प बसला असता तर काय झिजणार होतं त्याचं!

पुढचा सिनेमा आबांनी मुकाट बघितला. तिसऱ्यांदा कळप आला तेव्हा ते ओरडले नाहीत. शेवटची मेंढी जाईपर्यंत बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिले. शेवटी नावं आली. धाकटीनं बोट दाखवून "आबा, त्ये बघा, त्ये" केलं. आबांना वाचता येतं, पण सावकाश. त्यांचं वाचून होईपर्यंत माझं नाव वर निघून गेलं होतं.

स्टँडसमोर चहाला बसलो. आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"ती बांडी."

"व्हय आबा."

"दिवाळीत काढलीस."

"व्हय."

"एकच काढून चाळीस केल्यास."

मी काम कसं चालतं ते सांगायला लागले. सोळा चित्रं, प्रती, मालकांची घाई. त्यांनी निम्मं ऐकलं आणि हात वर केला. "त्ये ऱ्हाऊ दे. तुमच्या कामाची रीत तुमास्नी ठावं. म्या दुसरंच म्हनतोय. दिवाळीत बांडीच्या खुरात काटा मोडला हुता. चार दिस तिला घरी लिंबाखाली बांधली. बाकी समदी मेंढरं रानात, म्याबी रानात. मंग तू बांडीच का काढलीस?"

उत्तर त्यांनीच दिलं. "कारन घरी तेवढीच हुती. तू रानात आलीच न्हाईस."

खरं होतं. पाडव्याला सकाळी त्यांनी विचारलं होतं, "चल, येतीस का रानात?" मोबाईलमधून मान वर न काढता मी म्हणाले होते, "न्हाय आबा, काम हाय. मेंढ्यांचंच हाय." रान घरापासून वीस मिनिटांवर. मी दुपारपर्यंत लोळले, मग उठून अंगणात आले. समोर एक मेंढी होती, तिचं दावं सोडून तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या. काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेले. त्या दोन दिवसांत आबांशी जेवताना बोलले असेन तेवढंच.

एका लंगडण्यावरून त्यांनी हे सगळं ओळखलं होतं. मला लाज वाटली. पाठीवर छडी बसलेल्या पोरीसारखी मान खाली घालून बसले, आणि चहा तसाच निवत गेला.

धाकटीला राहवेना. "आबा, तिनं काय मुद्दाम केलं न्हाय. आन् मी अशी करनार न्हाय..."

"थांब जरा." आबा माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, "हिचा हात चांगला हाय. काटा कोनत्या खुरात हाय त्येबी दिसतंय. असा हात सोपा न्हाय. पाय तेवढे आळशी."

पाच वर्षांत माझ्या कामाबद्दल आबा बोलले ते एवढंच. धाकटी फिसकन हसली. मलाही हसू आलं.

"पाहुन्यांना उद्या न्हाय म्हनून सांगतो," आबा म्हणाले. "चांगली मानसं हायेत, समजून घेतील. तुझ्या आईचं म्या बघतो."

धाकटीच्या हातातली बशी लवंडली. ती "आबा!" म्हणून एवढ्यानं ओरडली की टपरीवाल्यानं वळून बघितलं. आबांनी धोतरावरचा चहा झटकला आणि बोट वर केलं.

"पन एक अट हाय. महिन्याकाठी यायचं. आन् आलीस की पयल्या दिशी रानात यायचं, म्या आसंन तिथं. घरी बसून मेंढरं बघायची न्हाईत."

"येते आबा. शप्पत," धाकटी म्हणाली.

"शप्पत नको. ये."

तेवढ्यात गाडी लागली. धाकटी जागा धरायला पळाली. आबा चहाचे पैसे द्यायला उठले, आणि मी तिथंच बाकड्यावर बसून राहिले. मला पुण्याला धाडताना त्यांनी अशी कुठलीच अट घातली नव्हती. मी येणारच, असं ते धरून चालले होते.