खंड्याच्या चोचीतली काडी

चाळीस वर्षं लोकांना चष्म्याचे नंबर काढून दिले म्हणून त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. बायकोही म्हणायची, पण रागावली की. आता दुकान मुलगी सांभाळायची, तरी काका रोज दहाच्या ठोक्याला हजर. तयार झालेला प्रत्येक चष्मा शेवटी तपासायचा मान त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. कोणी तक्रार घेऊन आलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "चष्मा चांगला आहे. सवय लागू द्या." शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई गेल्या वर्षी तीनदा येऊन गेल्या. भिंती वाकड्या दिसतात म्हणाल्या. काकांनी तिन्ही वेळा त्यांना सवयीचा सल्ला देऊन वाटेला लावलं आणि त्यांची पाठ फिरल्यावर पुटपुटले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

अशा माणसाने पासष्टाव्या वर्षी कॅमेरा घेतला. पाण्याच्या टाक्यांमागे एक तळं होतं आणि त्याच्या काठाला बीळ करून खंड्याची जोडी राहत होती. चोचीत मासा धरलेल्या खंड्याचा फोटो काढायचा आणि दुकानात लावायचा, एवढीच काकांची हौस. विक्रेत्याने सांगितलं, "हा स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधतो. डोळ्यावर हिरवी चौकट बसली, की बटण दाबायचं. पसंत नाही पडला तर पंधरा दिवसांत परत आणा." डोळे शोधणारा म्हटल्यावर काका विरघळलेच. आपल्याच धंद्यातला निघाला, असं त्यांना वाटलं.

या कॅमेऱ्याला माणसं शोधायची की पक्षी, हे आधी सांगावं लागतं, हे काकांना कोण सांगणार? पहिले दोन दिवस ती चौकट दुकानातल्या जाहिरातींवर, चष्मे घालून हसणाऱ्या सुंदऱ्यांच्या डोळ्यांवर उड्या मारत राहिली. मुलीने सेटिंग बदलून दिलं. मग आठवडाभर गच्चीवरची कबुतरं झाली. बसलेल्या पक्ष्यावर फोकस एकदाच धरायचा आणि उडणाऱ्याच्या मागे तो धावता ठेवायचा, हेही काका शिकले. चौकट डोळ्यावर नेमकी बसायची, फोटो मात्र धूसर. रोज सकाळी तळ्यावर दोनशे फोटो काढायचे आणि तिथेच काठावर बसून, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुसून टाकायचे, असा क्रम पडला.

पंधराव्या दिवशी ते पावती शोधत दुकानात आले.

"परत देतोय. आंधळा कॅमेरा गळ्यात मारलाय माझ्या. आणि कंपनी कंजूष तरी किती? डोळा लावला की आत ते आकडे दिसतात ना, तेसुद्धा पुसट."

मुलीच्या हातातला छोटा स्क्रू ड्रायव्हर थांबला. "बाबा, फोकस पक्ष्यावर चुकेल. आकड्यांवर कसा चुकेल?"

काकांना हे वाक्य आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

"तुमचे डोळे कोणी तपासलेत?"

"मीच. दरवर्षी. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो."

वाचणार नाहीत तर काय? तो तक्ता त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी घडाघडा म्हटला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

मुलीने त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. भिंगं बदलून बघायची ती जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि तीत आधी त्यांचाच जुना नंबर टाकला. तक्त्याकडे तिने बघितलंही नाही. सकाळचे सात फोटो पुसायचे राहिले होते, त्यातला एक समोरच्या मोठ्या स्क्रीनवर लावला.

"चोचीत काय आहे?"

"काडी. घरट्याला नेत असेल."

"बिळात राहणारा पक्षी काडी कशाला नेईल?" तिने भिंग बदललं. "आता?"

"जाड काडी."

तिने आणखी एक बदललं. काका खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकले. खंड्याचं एकेक पीस सुटं दिसत होतं.

"मासा आहे," ते म्हणाले. "अगं, डोळा दिसतोय माशाचा. आणि मी किती पुसले?"

मुलीला हसू आवरेना. काकाही हसणार होते, पण मध्येच थांबले.

"नजर कधीपासून अशी असेल?"

"तीनेक वर्षं तरी."

"तयार चष्मे मीच तपासत होतो," काका म्हणाले. त्यांना लाज वाटली, आयुष्यात प्रथमच आपल्या धंद्याची लाज वाटली. त्यांनी फोन ओढून घेतला आणि बाईंचा नंबर लावला.

"बाई, भिंती अजून वाकड्या दिसतात का हो?"

"नाही नाही," बाई पलीकडून म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तशी सवय लागली. फक्त मीच जरा वाकडी चालते आता."

काकांनी फोन ठेवला. कॅमेरा आणि पावती टेबलावर तशीच टाकून ते दाराकडे निघाले.

"बाबा, ती फ्रेम तरी काढा."

"बाईंचा चष्मा घेऊन येतो. ही काढली तर त्यांचं घर दिसेल कसं?"

नाकावर ते अवजड लोखंड घेऊन काका भर बाजारातून चालले. लोक वळून वळून बघत होते, गालात हसत होते, आणि काकांना ते सगळे चेहरे अगदी स्पष्ट दिसत होते.