समुद्रभाऊंचे धने

समुद्रभाऊंनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि नेमकं म्हणूनच गावानं त्यांचं हे नाव पाडलं. माणसाचं दुखणं हेरून त्यावरच नाव चिकटवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. भाऊ मात्र हाकेला ओ देत. "पाहून आलो का मंग बदला नाव," म्हणत.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं ऑनलाइन फॉर्म आणि तिकिटांचं दुकान आहे, आणि शेत भाऊंच्या बांधाला लागून; त्यांचं घरही मळ्यातच. त्यामुळे त्यांच्या सहलीचा बेत माझ्यासमोरच शिजला. एकदा नव्हे, तीनदा. वाशिमहून नांदेड, तिथून विशाखापट्टणम. दोन दिवस समुद्र, एक दिवस पाठीमागचा डोंगर. बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर त्या शहराचं चित्र होतं, खाली निळं पाणी आणि वर हिरवा डोंगर. वर्ष सरलं तरी भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, ते पान भिंतीवरून उतरवलं नाही. हट्ट त्यांचाच होता. "डोंगरावर थंडी राह्यते म्हंतेत," असं म्हणून त्यांनी पिशवीत सगळ्यात आधी शाल घातली.

भाऊंची भाजीपाल्याची बागायत. पाच-सहा दिवस घर सोडायचं तर वाफे रिकामे हवेत, नाहीतर तोडणी कोण करणार? म्हणून सहल दोन पिकांच्या मधल्या फटीत बसवायची. घोळ व्हायचा तो तिथंच. "रिकामा वाफा म्हंजे उपाशी लेकरू," भाऊ म्हणायचे. वाफा मोकळा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे, आणि ते चाळीस-पन्नास दिवसांत निघणारी कोथिंबीर पेरून बसायचे.

पेरण्याआधी धने चपलेनं रगडून त्यांच्या दोन डाळी करतात. अंगणातून ती करकर ऐकू आली की वहिनी समजायच्या. भांडण नाही, रडणं नाही. पिशवीतली लुगडी परत दोरीवर जायची, शाल तेवढी आत राहायची. मग दुसऱ्या दिवशी मी तिकिटं रद्द करायचो.

भाऊंची तक्रार असायची ती उंदरांची. "लय उंदीर झाले बापा घरात. जायाचं ठरलं का धन्याचं गाठोडं गायब. मले रिसोडहून नवं आना लागते." वहिनी खाली मान घालून भाकरी थापत राहायच्या.

तिसऱ्या खेपेला वहिनींना दम लागायला लागला होता. हृदयाची झडप बिघडलेली. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "कुठं जाऊन यायचं असेल तर आत्ताच या. पुढचं सांगता येत नाही." मी त्याच दिवशी दिवाळीनंतरची तिकिटं काढली. आणि जायला आठ दिवस उरले असताना बांधावरून मला ती करकर ऐकू आली.

मी तसाच धावत गेलो. "काहून पेरून राह्यले भाऊ तुमी? डॉक्टर काय बोलला, इसरले?"

"अवकाळीनं साऱ्यायची कोथमीर झोपली, भाव चढनार. आपलाच वाफा मोकळा हाय," भाऊ मान वर न करता म्हणाले. "दीड महिन्याची तं गोठ हाय. समुद्र का पयून चालला?"

मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही. आणि स्वतःचाही येतो, कारण तिकिटं रद्द करणारं बोट माझं होतं. दारात वहिनी उभ्या होत्या. "राहू द्या भाऊजी," म्हणाल्या, "कोथमीर निंघाली का जाऊ."

समुद्र कुठं पळाला नाही. कोथिंबीर वीतभर झाली आणि वहिनी गेल्या.

भाऊंनी तो वाफा कापला नाही. शेळ्या सोडल्या त्यात. तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावलं आणि ती पिशवी पुढ्यात ठेवली. शालीची घडी उलगडली तर आत धन्याची तीन गाठोडी होती. सगळ्यात खालचं पार जुनं, त्यातून भुंगे निघाले.

भाऊंनी तिन्ही गाठोडी एकाशेजारी एक मांडली. "उंदीर नोयते," एवढंच म्हणाले. मग तोंडावर उपरणं धरून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हटलं, "भाऊ, आता तरी जाऊन या. मी येतो संगं." त्यांनी मान हलवली. "कोनाले दाखवू आता?"

मग त्यांनी ते धने पेरले. चपलेनं नाही रगडले. एकेक दाणा बोटांनी फोडला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, वाफ्यात हिरवं काही दिसेना. बाकी बागायत त्यांनी पडीत टाकली, पण त्या एका वाफ्याला रोज सकाळी पाणी देतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, धने किडके होते. काही उगवणार नाही त्यात."

"मालूम हाय मले," भाऊ म्हणाले, आणि दांडाचं पाणी त्या वाफ्याकडे वळवलं.